बाळाला पांघरूण किती घालायचं?

डिस्चार्जच्या दिवशी मी दूध, शी-शू, लसीकरण असं सगळं समजावून सांगते आणि शेवटी विचारते, "अजून काही शंका?" बाळंतीण दमलेली असते, ती नुसती मान हलवते. शंका असते ती मागे उभ्या असलेल्या तिच्या आईला किंवा सासूबाईंना. "डॉक्टर, बाळाला पांघरायला काय घालू?" त्यांच्या हातातल्या पिशवीत कुंची, दोन दुपटी, लोकरीचा स्वेटर, पायमोजे आणि एक नवंकोरं जाड ब्लँकेट तयारच असतं. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी.

तुमच्या घरी बाळ येणार असेल किंवा नुकतंच आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही बाळाच्या आजी असाल तर खास तुमच्यासाठी, कारण बाळाचं अंथरूण शेवटी तुम्हीच घालणार.

आधी माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझी मुलगी नोव्हेंबरात झाली. बालरोगतज्ज्ञ झाल्याला मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचे ते दिवस. बाळंतपणाला माहेरी गेले. माझ्या आजीने स्वतःच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवून ठेवली होती. डोळ्यांना नीट दिसत नसताना, दुपारच्या उजेडात बसून घातलेले टाके. रोज रात्री ती स्वतःच्या हाताने गोधडी बाळावर घालायची. झोपताना बाळावर जड आणि सैल पांघरूण नको हे मला माहीत होतं. इतर आयांना मी ते सांगतही होते. पण आजीसमोर तोंड उघडलं नाही. थंडी आहे, तिला वाईट वाटेल, असं मनाशी म्हणत राहिले.

सव्वा महिना संपत आला होता. एका रात्री तीनच्या सुमारास छाती दुधाने जड झाली म्हणून मला जाग आली. बाळ रडलं नव्हतं. दिवा लावला तर बाळ दिसेना, नुसती गोधडी. हातपाय झाडता झाडता ती डोक्यावरून गेली होती. ओढून काढली तेव्हा आत मुलगी लालबुंद, घामाने चिंब. श्वास चालू होता. तिला काही झालं नाही. मी मात्र उजाडेपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसून राहिले.

यात धोका कशाचा? आपल्या तोंडावर पांघरूण आलं तर आपण झोपेतही ते दूर सारतो. तान्ह्या बाळाची मान सावरलेली नसते आणि हाताने नेमकी वस्तू ढकलणं त्याला जमत नाही. नाकातोंडावर जाड कापड आलं की सोडलेलाच श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असलेली हवा, ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. शिवाय बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि अंगातली बरीच उष्णता तिथून बाहेर पडते. डोकंच झाकलं गेलं की अंग तापत जातं. आणि हे सगळं मुकाट्याने होतं. बाळ रडून आपल्याला उठवेलच असं नाही.

याचा अर्थ आजीची काळजी खोटी होती असं मात्र नाही. नवजात बाळ आपल्यासारखं थंडीने कुडकुडत नाही. पाठीत आणि मानेभोवती असलेली एक खास प्रकारची चरबी जाळून ते ऊब तयार करतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबी कमी असते. असं बाळ गार पडलं तर दूध ओढत नाही, मलूल होतं, त्याची साखर उतरते. म्हणून ऊब हवीच. काखेत मोजलेलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं.

ते घरी कसं ओळखायचं? तळहाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार असतील तर बाळ आरामात आहे. पोट ऊबदार पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे, एक कपडा वाढवा आणि छातीशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर त्याला लगेच उघड्या छातीशी घ्या, वरून शाल लपेटा आणि त्याच अवस्थेत दवाखाना गाठा. नुसते हात निळसर दिसले म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत घाबरू नका. उलट मानेमागे घाम आला असेल, अंग लाल आणि तापलेलं असेल, तर कपडे जास्त झालेत.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे. त्या खोलीत तुम्हाला जितके कपडे पुरतात, त्याहून बाळाला एक थर जास्त. मे महिन्यात सुती झबलं आणि लंगोट पुष्कळ झाला, फार तर पातळ मलमलचं दुपटं. थंडीत पूर्ण बाह्यांचं झबलं, स्वेटर, मोजे. ऊब अंगातल्या कपड्यांची असू द्या, सैल पांघरुणाची नको. पांघरूण घालायचंच असेल तर पातळ घ्या, ते छातीपर्यंतच ठेवा आणि कडा गादीखाली घट्ट खोचा. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळू नका. खुब्याचे सांधे सरकू शकतात. पाय आत बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. टोपी बाहेर जाताना घाला. पूर्ण दिवसांच्या बाळाला घरात झोपताना ती लागत नाही. कमी वजनाच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एका मे महिन्यात चार दिवसांचं बाळ ताप म्हणून माझ्याकडे आलं. अंगावर स्वेटर, कुंची, दोन दुपटी. ताप १०१ फॅरनहाइट. कपडे काढले, दूध पाजलं, तासाभरात ताप उतरला. तरीही मी रक्त तपासलं आणि बाळाला रात्रभर ठेवून घेतलं. कारण नवजात बाळाचा १००.४ च्या वरचा ताप हा जंतुसंसर्गही असू शकतो. 'गुंडाळल्यामुळे असेल' हे तुम्ही घरी ठरवू नका.

आता खालचं अंथरूण. ते घट्ट आणि सपाट हवं. हाताने दाबून सोडा, खड्डा राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. नवीन पिंजून आणलेली कापसाची गादीही सुरुवातीला फुगीर असते. चटईवर घडी केलेली चादर त्यापेक्षा बरी. उशी नको, मोहरीचीही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती वापरतात, पण जागेपणी, आपल्या डोळ्यांदेखत थोडा वेळ पोटावर ठेवलं आणि झोपवताना मानेची बाजू बदलत राहिलं तर डोकं आपोआप आकार घेतं. बारशाला हमखास येणाऱ्या त्या सेटमधली मच्छरदाणी तेवढी वापरा. उशी, लोड, रजई उचलून माळ्यावर टाका. देणाऱ्याला सांगायची गरज नाही!

झोपवायचं ते पाठीवरच. "उलटी झाली तर घशात अडकेल" ही भीती मला रोज ऐकू येते. पण पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जाण्याची शक्यता कमी. पालथं झोपवलं की हे उलटं होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यासाठी नवं औषध आलं नव्हतं की यंत्र.

बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर असावं. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं सगळ्यात वाईट. साडीची झोळी मी सरसकट बंद करायला सांगत नाही. शेतावर जाणाऱ्या बाईला दुसरं काय आहे? पण त्यात बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून तोंड दिसत राहील अशी बांधा आणि रात्री झोळी नको.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ट्रंकेतून काढलेल्या जुन्या दुपट्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्या गोळ्यांमुळे त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ इतकी वाढू शकते की रक्त बदलावं लागतं. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नका. वासाचे कपडे धुऊन, उन्हात वाळवूनही वास राहिला तर वापरू नका. बंद खोलीत शेगडीही नको. धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू तिथे असतो.

खूप थंडी असेल, बाळ लहान असेल, तर सगळ्यात चांगलं पांघरूण आईची छाती. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. बाबा आणि आजीही हे करू शकतात, फक्त घेणारा जागा हवा.

त्या रात्रीनंतर सकाळी मी आजीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने गोधडीची घडी केली, चटईवर अंथरली आणि एकही सुरकुती राहू नये म्हणून चारही बाजूंनी ताणून खाली खोचली. "खाली चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. मग मी तिला पोट आणि पाय बघायला शिकवलं. सकाळी जाग यायची ती तिच्या आवाजाने. "पोट ऊन, पाय ऊन," ती आईला स्वयंपाकघरात ओरडून सांगायची, "आता चहा टाक."