चार दारं

'क्वात्रोपोर्ते' हा शब्द जरा लांबवून, 'र' घोळवून म्हटला की काहीतरी भारी वाटतं. एखादं इटालियन गाव, किंवा महागडं परफ्यूम. प्रत्यक्षात त्याचा अर्थ आहे 'चार दारं'. मासेरातीने आपल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात रुबाबदार सेडानचं नाव ठेवलं चार दारं. म्हणजे आपल्याकडे कुणी बंगल्याच्या पाटीवर 'तीन खोल्या' लिहावं, तसंच.

साठ वर्षं हे नाव टिकलं. आता ती गाडी बनत नाही. 2024 मध्ये तिची सहावी पिढी संपली आणि सातवी कधी येईल, येईल की नाही, यावर गाड्यांचं वेड असलेली मंडळी वाद घालत बसली आहेत. मीही त्यातलीच. पण माझी काळजी थोडी वेगळी आहे.

आधी ही गाडी काय होती ते सांगते. मासेराती 1914 मध्ये बोलोन्यात सुरू झाली. मासेराती भावंडांचं गॅरेज, आणि काम शर्यतीच्या गाड्यांचं. तिचा त्रिशूळही बोलोन्यातल्या नेपच्यूनच्या कारंज्यावरून घेतलेला. 1957 मध्ये फान्जिओने मासेराती चालवत फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षाअखेर पैशांअभावी कंपनीने शर्यतींमधला आपला संघ बंद केला. मग पोटासाठी रस्त्यावरच्या गाड्या. 1963 च्या तुरीन मोटर शोमध्ये पहिली क्वात्रोपोर्ते आली. रेखाटन पिएत्रो फ्रुआचं, आत 4.1 लिटरचं व्ही-एट इंजिन, वेग ताशी 230 किलोमीटर. त्या काळात असलं इंजिन दोन माणसांच्या, सामानाला जागा नसलेल्या गाडीत असायचं. मासेरातीने ते अशा गाडीत बसवलं जिच्या मागच्या सीटवर आजी बसू शकेल.

तेव्हापासून या गाडीचा इतिहास म्हणजे मरणं आणि परत येणं. 1968 मध्ये सित्रोएनने कंपनी ताब्यात घेतली. दुसरी क्वात्रोपोर्ते 1974 मध्ये दाखवली, तोवर सित्रोएनच बुडायला लागली. ती गाडी जेमतेम डझनभर बनली. 1975 मध्ये मासेराती दिवाळखोरीच्या दारात उभी होती, तेव्हा देतोमासोने इटालियन सरकारी संस्थेच्या मदतीने ती वाचवली. तिसरी आली 1979 मध्ये, जुजारोच्या हातची. राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी ती वापरायचे. चौथी 1994 मध्ये, तोवर मालक फियाट. पाचवी 2003 मध्ये, तोवर सूत्रं फेरारीकडे. तिचं रेखाटन पिनिनफारिनात झालं आणि ते केलं केन ओकुयामा या जपानी माणसाने. दर वेळी आधी शोकसभा, मग कुणीतरी नवा मालक, मग नवी गाडी.

कंपनीचा इतिहाससुद्धा एकदा विक्रीला निघाला होता. 1996 मध्ये मासेरातीच्या जुन्या गाड्यांचा संग्रह लिलावात जाणार होता. तो घेतला पानिनी कुटुंबातल्या उंबेर्तो पानिनींनी. होय, फुटबॉलच्या स्टिकर अल्बमवाले तेच पानिनी. त्या गाड्या आज मोदेनाजवळ त्यांच्या चीजच्या फार्मवर आहेत. मी बघून आले आहे. एका बाजूला पार्मिजानोची चक्रं मुरत ठेवलेली, दुसऱ्या बाजूला शर्यतीच्या लाल गाड्या.

त्यामुळे 'क्वात्रोपोर्ते संपली' असं कुणी म्हटलं की जुने चाहते खांदे उडवतात. याआधीही संपली होती की, येईल परत. मलाही तसंच वाटलं असतं, जर तुरीनमध्ये माझे घरमालक ते नसते, जे होते.

मी तिथे दोन वर्षं ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग शिकत होते. कॉलेजमध्ये मराठी पोरं इतकी, की कँटीनमध्ये कुणाला शिव्या द्यायची चोरी. खोली मिळाली होती मिराफिओरी भागात, 4 नंबरच्या ट्रामवर. घरमालक सत्तरीचे, एकटे. मी त्यांना सिन्योर म्हणायचे, ते मला 'इंजेन्येरे', म्हणजे इंजिनिअर, थोडं चिडवत. त्यांनी आयुष्यभर ग्रुलियास्कोत, तुरीनला चिकटलेल्या गावात, बेर्तोनेच्या कारखान्यात दारं बसवली. ओपेलच्या उघड्या टपाच्या गाड्यांची दारं. मग बेर्तोनेवर संकट आलं, कामगार वर्षानुवर्षं सरकारी भत्त्यावर घरी बसले. 2009 मध्ये फियाटने कारखाना घेतला आणि जानेवारी 2013 मध्ये तिथे सहाव्या क्वात्रोपोर्तेचं उत्पादन सुरू झालं. सिन्योर साठीला आले होते. त्यांना परत बोलावलं. नव्या पोरांना दारं बसवायला शिकवायला.

दार बसवणं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पॅनेल गॅप, फ्लश, टॉलरन्स. त्यांनी ते मला पार्किंगमध्ये एका शेजाऱ्याच्या गाडीवर दाखवलं. डोळे मिटून बोटाचं पेर दाराच्या फटीवरून फिरवायचं, वरून खाली. जिथे बोट अडखळेल तिथे बिजागरी किंचित हलवायची. दार लावलं की आवाज ऐकायचा. मशीन माप देतं, ते म्हणाले, पण कडा हाताला कशी लागेल ते मशीन सांगत नाही. आणि हे शिकायला किती दिवस लागतात? त्यांनी बोटं मोजली नाहीत. एवढंच म्हणाले, शिकवणारा शेजारी उभा असेल तर दोन वर्षं.

मला माझे आजोबा आठवले. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात रंगखात्यात होते. फियाट 1100 ही तुरीनची गाडी, 1,089 सीसीचं इंजिन, तीच आपल्याकडे पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. म्हणजे आपलीही एक इटालियन 'चार दारं' होती. कारखाना बंद पडला, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. आजोबा रंगाचा थर नुसत्या उजेडात तिरपं बघून ओळखायचे. त्याचा फोटो कुणी काढणार तरी कसा?

आता मासेरातीचे आकडे बघा. 2017 मध्ये त्यांनी जगभर 51 हजारांच्या आसपास गाड्या विकल्या होत्या. 2023 मध्ये 26,600. 2024 मध्ये 11,300, आणि त्या वर्षी तोटा 26 कोटी युरो. कारणं एकापेक्षा जास्त. श्रीमंतांनाही आता उंच एसयूव्ही हवी असते. चीनमधली मागणी आटली. आणि लाखभर युरोच्या गाडीत क्रायस्लरच्या साध्या गाडीतली बटणं दिसली की गिऱ्हाईक विसरत नाही. पण सगळ्यात जास्त नुकसान केलं धरसोडीने. 2022 मध्ये जाहीर झालं की 2025 पर्यंत प्रत्येक मॉडेल इलेक्ट्रिक रूपात मिळेल. नवी क्वात्रोपोर्ते फॉल्गोरे, म्हणजे वीज, त्यातच होती. मग ती 2028 वर गेली. मग 2025 च्या सुरुवातीला मालक कंपनी स्टेलांटिसने मासेरातीसाठी ठरवलेली दीड अब्ज युरोंची गुंतवणूकच रद्द केली. व्ही-एट इंजिन बंद करून झालेलं, विजेची गाडी आलेली नाही, आणि मधल्या काळात शोरूममध्ये सेडानच नाही.

ग्रुलियास्कोचा कारखाना रिकामा करून काम मिराफिओरीला हलवलं, आणि 2023 मध्ये ती इमारत विक्रीला काढली. मिराफिओरीत एकेकाळी साठ हजार माणसं होती. 2024 मध्ये तिथे वर्षभरात सुमारे 26 हजार गाड्या बनल्या. मी ट्रामच्या खिडकीतून बघायचे, भर आठवड्यात पार्किंग अर्धं मोकळं. सिन्योरनी शिकवलेल्या पोरांपैकी एक रविवारी भेटायला यायचा. महिन्यात मोजके दिवस काम, बाकी भत्ता. शेवटी तो सामान पोचवणाऱ्या व्हॅनवर लागला. सिन्योर त्याला काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, त्याचा हात चांगला होता.

आधीच्या मरणांपेक्षा या वेळी हे वेगळं आहे. 1975 मध्ये कंपनी बुडत होती, पण मोदेनातले आणि तुरीनमधले कारागीर, साचे बनवणारे, पत्रा ठोकणारे, सगळे आसपासच होते. नवा मालक पैसे घेऊन आला की माणसं कारखान्यात परत. नाव कपाटात दहा वर्षं राहिलं तरी त्याला काही होत नाही. हात इतकी वर्षं थांबत नाहीत. ते व्हॅन चालवायला लागतात, निवृत्त होतात, मरतात.

गाडी महाग आहे, चैनीची आहे, आपल्यापैकी जवळजवळ कुणीच ती घेणार नाही, मग आपल्याला काय त्याचं? हा प्रश्न मला घरीही विचारतात. मी सांगते की स्वस्त गाडी बनवायची अक्कल आता जगभर आहे, आणि ते चांगलंच आहे. पण महाग गाडीच्या पैशातून एखाद्या गावात असे हात पोसले जातात आणि पुढची पिढी तयार होते. तिथून ते कौशल्य हळूहळू खाली साध्या गाड्यांपर्यंत झिरपतं. पैसा थांबला की आधी हे शिकवणं थांबतं, गाडी नंतर.

उद्या बातमी आली की नवी क्वात्रोपोर्ते येतेय, तर तुम्ही फोटो बघाल, मीही बघेन. बॅटरी किती, रेंज किती, त्रिशूळ कुठे. पण मी आधी शोधेन ती कुठल्या कारखान्यात बनणार, आणि तिथे दारं कोण बसवतंय.