निळी मालगाडी आणि पालकाची भाजी

मालगाडी दिसली की तिचे डबे मोजायची सवय तुम्हालाही असेलच. माझी तर ती अजून गेलेली नाही. पण एका मालगाडीनं मला डब्यांऐवजी मिनिटं मोजायला शिकवलं. तिचीच ही गोष्ट.

2008 साली मी जपानमध्ये नागोया शहराजवळच्या एका लहानशा कारखान्यात काम शिकायला गेलो होतो. तिथे मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या तयार होत. त्यातल्या काही पट्ट्या दूर उत्तरेला, इवाते प्रांतातल्या मोटार कारखान्यात जायच्या. कशानं जायच्या, ठाऊक आहे? निळ्या मालगाडीनं!

तिचं नाव ‘टोयोटा लाँग पास एक्स्प्रेस’. ती सुरू झाली नोव्हेंबर 2006 मध्ये. 20 सपाट वाघिणी, प्रत्येक वाघिणीवर 31 फुटी दोन कंटेनर, म्हणजे एकूण 40. सगळे समुद्रासारखे निळेशार! एका कंटेनरमध्ये एका मोठ्या ट्रकचा माल मावतो. म्हणजे एक गाडी धावली की रस्त्यावरचे 40 ट्रक कमी झाले. नागोयापासून मोरिओकापर्यंतचं अंतर सुमारे 900 किलोमीटर, आपल्या मुंबई-नागपूरपेक्षाही जास्त.

तिकडच्या इंजिनांच्या जातींना नावंही मजेदार आहेत. एक ‘मोमोतारो’, म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा. दुसरं ‘किन्तारो’, म्हणजे अस्वलाशी कुस्ती खेळणारा मुलगा. दोघेही जपानी लोककथांतले वीर!

आता तुम्ही म्हणाल, “मालगाडीच ती, थोडा उशीर झाला तर काय बिघडलं?” इथेच तर खरी गंमत आहे. तिथले मोटार कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा करून ठेवत नाहीत. जो भाग जेव्हा हवा, तेव्हाच तो येऊन पोचायचा. त्यामुळे पैसा आणि जागा वाचते. पण एक भाग आला नाही, तर सगळं काम थांबतं. 1997 च्या फेब्रुवारीत करिया शहरातल्या एका कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकची एक छोटीशी झडप तयार व्हायची. तेवढी झडप मिळेना, म्हणून टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने काही दिवस बंद पडले!

हे सगळं मला माहीत होतं. तरीही एके दिवशी मी घोटाळा केलाच.

आमची खोकी ट्रकनं एका केंद्रात जात आणि तिथे कंटेनरमध्ये भरली जात. त्या दिवशी ट्रक निघून गेला आणि मागे वळून बघतो तर काय, एक खोकं भिंतीशी तसंच पडलेलं! माझ्या पोटात धस्स झालं. आता काय करावं? सांगावं तर ओरडा बसणार. परदेशात, नव्या नोकरीत... मी गप्प बसलो. उगाच कागद चाळले, खोकं दोनदा इकडून तिकडे ठेवलं. घड्याळाचा काटा मात्र पुढेच सरकत होता.

शेवटी राहवेना. आमच्या तुकडीच्या प्रमुखांना, म्हणजे हानचोंना, गाठलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगून टाकलं. त्यांनी “कोणी केलं?” असं विचारलंच नाही. एवढंच विचारलं, “कधी लक्षात आलं?”

“वीस मिनिटांपूर्वी,” मी मान खाली घालून म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी लगेच फोन फिरवला आणि खोकं एका छोट्या गाडीतून धाडलं. ते पोचलं तेव्हा कंटेनरची दारं लावायची तयारी चालली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर निळी गाडी आमच्या खोक्याशिवायच गेली असती.

दुपारी जेवताना हानचोंनी आपल्या डब्यातली पालकाची भाजी माझ्यापुढे सरकवली. पालक म्हणजे भाजी बरं का, आई-बाबा नव्हेत! जपानीत पालकाला ‘होरेन्सो’ म्हणतात. याच शब्दात तिथल्या कामकरी लोकांनी तीन शब्द लपवलेत: होकोकु म्हणजे झालं ते सांगणं, रेन्राकु म्हणजे इतरांना कळवणं आणि सोदान म्हणजे सल्ला घेणं. हानचो हसून म्हणाले, “खोकं विसरणं माझ्याकडूनही झालंय. पण ती वीस मिनिटं तू का वाया घालवलीस? रोज पालक खात जा!”

मी खूप लाजलो. पण खरं सांगू? मनावरचं ओझंही उतरलं.

दोस्तांनो, तुमच्याही हातून कधी काच फुटेल, कधी वहीवर सही घ्यायची राहील. तेव्हा पोटात धस्स होईलच. पण तेवढ्यात एकदा घड्याळाकडे बघा आणि आई-बाबांकडे धाव घ्या. तुम्ही लवकर सांगितलंत, तर त्यांनाही काहीतरी करता येतं.

आणि पालकहो, आता भाजी नव्हे, तुम्हीच! मूल असं धापा टाकत आलं, तर “कोणी केलं?” विचारण्याआधी “कधी लक्षात आलं?” एवढं विचाराल ना?