मावशींची वही

खानावळ म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. पाण्यासारखे वरण, वातड पोळी आणि मालकाचे हिशेबी डोळे असे काहीसे चित्र त्यांच्यापुढे उभे राहते. माझे तसे होत नाही. मला आठवते ती शिरपूर जैनच्या एस.टी. थांब्यामागची एक चूल, आणि तिच्या वर खुंटीला सुतळीने टांगलेली शंभर पानी वही.

२००१ साली मी मॅट्रिकच्या जोरावर जवळच्या एका वस्तीशाळेवर मास्तर झालो. मानधन महिना एक हजार रुपये. खोली शिरपुरात घेतली आणि तीनशे रुपये महिन्याने मावशींकडे दोन वेळचे जेवण लावले. खानावळ त्यांच्या सासूने सुरू केलेली. दाराला पाटी नव्हती, आत टेबल नव्हते. एक लांब पट्टी अंथरलेली असे. येईल त्याने हात धुवावे आणि जागा दिसेल तिथे बसावे. मुलगी भाकरी थापी, मुलगा वाढी, आणि कोणाच्या ताटातले काय संपले हे मावशी चुलीकडे तोंड करूनही ओळखत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका नाहीतर वांग्याची भाजी, आणि कडेला ठेच्याचा गोळा.

त्या ठेच्यावरून एकदा मी मास्तरकी दाखवली. म्हटले, "मावशी, ही मिरची मूळची आपली नव्हे. ती मेक्सिकोकडची. चार-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी जहाजातून इकडे आणली. तिकडे अजून मक्याच्या भाकरीशी तिची चटणी खातात."

मावशींचा हात थांबला नाही. "आली ना बाप्पा? मंग आता घरचीच हाये ते."

घरचे होण्याला त्या घरात तेवढे पुरत असे. गावात अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या वादात त्याला १९८१ पासून कुलूप लागलेले. यात्रेकरू झरोक्यातून दर्शन घेऊन परतत. बरोबर कोण, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की दोन्ही पंथांच्या गाड्या हाकणारे ड्रायव्हर मावशींच्या पट्टीवर मांडीला मांडी लावून बसत, आणि एकमेकांकडे मीठ सरकवीत.

पुढे माझे मानधन रखडले. एक महिना, दोन महिने, सात महिने. वहीत माझ्या नावापुढे रेघांवर रेघा चढू लागल्या. मावशी काही बोलत नव्हत्या, आणि तेच मला सोसेना. एके दिवशी मी जाणेच सोडले. दोन दिवस मुरमुरे आणि पाणी यांवर काढले. नोकरी सोडून रातोरात गावी निघून जावे, असा विचार मनात घोळत होता. पैसे बुडवणारे लोक जन्मतः लबाड नसतात; पुष्कळदा ते लाजेने पळालेले असतात, हे मला त्या दोन दिवसांत कळले.

तिसऱ्या दिवशी मावशींचा मुलगा खोलीच्या दारात उभा. "आईनं बलावलं."

मी मान खाली घालून गेलो. मावशींनी ताट पुढे सरकवले. "उधारी म्हंजे भीक नोहे, मास्तर. भीक घेनारा खाली पाह्यते. उधारीवाल्यानं वर पाहून जेवाव. म्या लिवून ठेवलं हाये ना?"

त्या "लिवून ठेवलं" या शब्दांनी मला वाचवले. त्यांनी दया दाखवली असती, तर मी पुन्हा त्या दारी गेलो नसतो. त्यांनी मला देणेकरी मानले, म्हणजे देऊ शकणारा माणूस मानले.

दिवाळीच्या तोंडावर सारी थकबाकी एकदम हाती पडली. तसाच खानावळीत गेलो आणि सात महिन्यांचे एकवीसशे रुपये पुढे ठेवले. मावशींनी वही काढली, नोटा दोनदा मोजल्या आणि वीस रुपये परत केले.

"हे कशाचे?"

"दोन दिवस तुमी जेवले नाई."

मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत माणसांचा मोठेपणा रंगवण्यासाठी पानेच्या पाने खर्ची घातली. त्या वीस रुपयांएवढे एकही पान मला साधलेले नाही.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंदिराचे कुलूप निघाले आणि गावात वर्दळ वाढली. खानावळीत आता टेबले आली आहेत. पैसे मोबाईलने देतात. मावशी थकल्या; दाराशी खाटेवर बसून असतात. या दिवाळीच्या सुट्टीत जेवायला गेलो, तेव्हा कोपऱ्यात एक पोरगेलासा मास्तर बसला होता. जेवण झाल्यावर तो उगीच खिसे चाचपू लागला. मी माझ्या पाकिटाकडे हात नेला, तेवढ्यात मावशींची सून उठली, खुंटीवरची वही काढली आणि त्याच्या नावापुढे एक रेघ ओढली.

मी पाकीट तसेच खिशात ठेवले.