शेगडीपुढचा राजा

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय ३६



संदेष्ट्यांना लोकांनी नाकारले असे म्हटले की आपल्याला आधी दगड आठवतात. यहोयादा याजकाच्या मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडमार झाला, स्तेफनाला नगराबाहेर. यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात मात्र दगड नाहीत. तिथे आहे एक हिवाळी महाल, पेटलेली शेगडी आणि लेखकाचा छोटा चाकू.

यिर्मया २३ वर्षे बोलत होता. मंदिरात जायला त्याला बंदी होती, म्हणून त्याने सगळे शब्द बारूखाकडून पटावर लिहून घेतले. उपासाच्या दिवशी, इ.स.पू. ६०४ च्या सुमारास, बारूखाने तो पट मंदिरातल्या गमऱ्याच्या खोलीतून लोकांना वाचून दाखवला. गमऱ्याचा मुलगा मीखाया याने ऐकले आणि तो धावत सरदारांकडे गेला. त्यांनी बारूखाला बोलावून पुन्हा वाचायला लावले. ऐकून ते घाबरले. "तू आणि यिर्मया लपून राहा," असे त्याला सांगून मगच ते राजाकडे गेले.

राजा यहोयाकीम ओरडला नाही. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग कापायचा, शेगडीत टाकायचा आणि पुढे वाचायला सांगायचे. असे करत पूर्ण पट संपवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले, ही गोष्ट मला फार बोचते. ऐकले नाही असे त्याला म्हणताच येणार नाही! याच राजाचा बाप योशीया. नियमशास्त्राचे पुस्तक ऐकताच त्याने आपली वस्त्रे फाडली होती. बापाने वस्त्रे फाडली, लेकाने वचन फाडले. आणि योशीयाला ते पुस्तक वाचून दाखवणारा चिटणीस शाफान हा या गमऱ्याचा बाप.

आमच्या गुरुवारच्या शास्त्राभ्यासात एका तरुणाने विचारले, "मग गमऱ्याला आपण कुठे बसवायचे? चांगल्यांत की वाइटांत?" प्रश्न सोपा नाही. पट जाळू नका अशी तिघांनी राजाला विनंती केली, त्यात गमऱ्या होता आणि एलनाथानही होता. हाच एलनाथान उरीया संदेष्ट्याला मिसरातून धरून आणायला गेला होता, आणि यहोयाकीमाने त्या उरीयाला तलवारीने मारले. एका संदेष्ट्याला धरून आणणारा माणूस दुसऱ्याच्या शब्दांसाठी रदबदली करतो. माणसे अशीच असतात, पवित्र शास्त्र ते लपवत नाही. राजाने तिघांचे ऐकले नाही. ते राजीनामा देऊन उठले असे कुठे लिहिलेले नाही. पण लपायला सांगणारे सरदार नसते तर बारूखाचे काय झाले असते?

१९८२ साली यरुशलेमेच्या दावीदनगरातील उत्खननात यिगाल शिलो यांच्या पथकाला मातीच्या पन्नासएक मुद्रा सापडल्या. त्यातल्या एकीवर 'शाफानाचा पुत्र गमऱ्या' असे नाव आहे. तो हाच गमऱ्या असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बाबेलच्या सैन्याने नगर जाळले त्या आगीत मुद्रा लावलेले कागद गेले आणि माती मात्र भाजून पक्की झाली. राजाला ज्या आगीची ऊब हवी होती तीच पुढे त्याच्या नगराला लागली, आणि विनवणी करणाऱ्याचे नाव तिने जपून ठेवले, असे मला वाटते. पुराणवस्तूंचे जाणकार या वाक्याला हसतील, हसू देत.

आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. वार्षिक सभेत त्यांनी विचारले : कबरस्तानात फाटकाजवळची उंच जागा ठराविक घराण्यांनाच का? वस्तीतल्या कुटुंबांची माणसे मागे नाल्याकडे का पुरतात, जिथे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते? त्यांनी लेखी पत्रही दिले. कुणी आवाज चढवला नाही. त्यांचे आभार मानले गेले, चहा झाला. इतिवृत्तात एवढेच आले : "इतर विषयांवर चर्चा झाली." मी कमिटीत नाही, उपासनेत शास्त्रपाठ वाचणे एवढेच माझे काम. पण हे वाक्य फलकावर वाचले तेव्हा मला तो छोटा चाकू दिसला.

प्रभू येशूने शास्त्री-परूश्यांना म्हटले होते की तुम्ही संदेष्ट्यांच्या कबरी बांधता आणि सजवता. मेलेला संदेष्टा कुणालाच जड जात नाही. यिर्मयावर आम्ही दरवर्षी दोन तरी संदेश ऐकतो आणि आमेन म्हणतो.

यहोयाकीमाने पट जाळल्यावर परमेश्वराने यिर्मयाला सांगितले, की दुसरा पट घे. बारूख पुन्हा लिहायला बसला. जळलेले सगळे शब्द परत आले, आणि तशाच आणखी पुष्कळ शब्दांची त्यात भर पडली.

मावशींनी गेल्या आठवड्यात दुसरे पत्र लिहिले. वहीच्या कागदावर, कार्बन घालून, एक प्रत स्वतःजवळ ठेवून. सहीसाठी त्या घरोघरी फिरत आहेत. आतापर्यंत नऊ सह्या झाल्या आहेत, त्यातल्या दोन फाटकाजवळच्या घराण्यांतल्या. पहिल्या पत्रात एकच मुद्दा होता, या पत्रात तीन आहेत.