पाषाणाचें हृदय

आम्ही कर्जतास शिक्षक होतों तेव्हां एका विद्यार्थ्यानें खालापूरकडील खाणींतला फुटका काळा दगड आणून मेजावर ठेविला. त्याच्या पोकळींत शुभ्र स्फटिकांचे तुरे चमकत होते. "हा धोंडा बाहेर टाक आणि देव शब्द चालवून दाखव," असें आम्हीं फर्माविलें. मुलानें मुकाट्यानें आज्ञा पाळिली.

निवृत्तीनंतर एका पुस्तकांत तसेंच चित्र पाहिलें, तेव्हां उमगलें कीं ते झिओलाइटाचे स्फटिक असावेत. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं सह्याद्रीचा लाव्हा थिजतांना वायूच्या बुडबुड्यांनीं त्यांत पोकळ्या राहिल्या. पुढें झिरपलेल्या पाण्यांतील द्रव्यांचे तेथें स्फटिक जमले. त्यांच्या घडणींतच पाणी असतें. तापवितांच ते फसफसतात, म्हणून क्रोन्स्टेट ह्या स्वीडिश विद्वानानें १७५६ सालीं त्यांस 'उकळता दगड' ह्या अर्थाचें ग्रीक नांव दिलें. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाच्या खोदकामांतही असे स्फटिक निघाले होते.

'पाषाणहृदयी' म्हणजे निष्ठुर, असें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें. पाषाणाच्या हृदयांत पाणी होतें; कोरडे आम्हीच ठरलों. वाचकहो, घरचें मूल दगड घेऊन आलें, तर आधीं तो हातीं घेऊन पाहावा. देव शब्द मागाहून चालवितां येतो.