व्हिसा येईपर्यंत सातबारा घरातच

भोर, 20 जुलै 2025

चि. शीतल,


तुझा मॅक्स म्युलर भवनातला जर्मनचा निकाल ताईने फोनवर सांगितला. वाचणं, ऐकणं, लिहिणं निघालं, बोलणं तेवढं राहिलं. मग तेवढंच पुन्हा दे, चारही नव्याने द्यावे लागत नाहीत. पत्र लिहायचं कारण दुसरं आहे.

काल दाजी येऊन गेले. चहा होईस्तोवर पाऊस, आवणी असं बोलत बसले आणि उठता उठता म्हणाले, रस्त्याकडेचं खाचर काढावं म्हणतो, पुण्याची पार्टी बघून गेलीय, शीतलच्या जर्मनीचं भागेल. घरच्या जावयाला मी किती बोलायचं? गप्प बसलो. पण त्यांचा हात धरायचा तर तो तूच धरू शकशील.

तू जायला माझी ना नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, दहा हजार कुशल मुलं पाठवायची म्हणून. तेव्हापासून वेल्ह्याच्या एसटीतसुद्धा जर्मनी निघते. तुझ्यासारख्या नर्स तिथे हव्यात हे खरंच आहे. पण करार सरकारांचा झाला, त्याने तुझं तिकीट निघत नाही. त्यातच या 1 जुलैपासून एक दार बंद झालंय. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचार मागता यायचा, ते जर्मनीने बंद केलं. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं.

म्हणून कागद पहिल्याच खेपेला चोख हवेत. तुझ्या जन्मदाखल्यावर तालुका वेल्हे आहे, 2024 मध्ये तो राजगड झाला. आपल्याला त्याचं काही नाही, बाजारात अजून कुणी राजगड तालुका म्हणत नाही. पण परदेशातल्या कारकुनाला ती दोन ठिकाणं वाटली तर त्याचा काय दोष? दुसरं, दहावीच्या मार्कलिस्टवर तुझ्या नावात एक ‘आय’ आहे आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत दोन ‘ई’. सगळे कागद खाटेवर मांड आणि पासपोर्टशेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून बघ. दुरुस्तीला महिने जातात, ते आत्ता जाऊ देत.

एजंटाला पैसे कशाचे ते लिहून माग. नर्सभरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसायचा, असं पाळणाऱ्या संस्थांना जर्मनीत खास मानचिन्ह मिळतं. हा एजंट त्यातला आहे का, ते विचार. तो चिडला तर उत्तर मिळालंच. आणि ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर खर्च परत भरायचा, असं कलम करारात असू शकतं. ते सही करण्याआधी वाच.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद आहे. जूनमध्ये इराण-इस्रायल पेटलं, तेव्हा 23 तारखेला कतारनेही काही तास आकाश मिटलं आणि दोह्यावरून जाणारे अडकले. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नकोस. एकाच पीएनआरवर काढ, म्हणजे पुढचं विमान हुकलं तरी मुक्कामी पोचवणं कंपनीच्या गळ्यात राहतं.

आता खाचराचं. दाजींच्या नावावर तेवढंच उरलंय. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा सातबारा गेला की दाजी कागदावर शेतकरी राहणार नाहीत, आणि उद्या तू कितीही युरो पाठवलेस तरी त्यांना वेल्ह्यात गुंठाभर शेत सहजी घेता यायचं नाही. भाटघरच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींचं निदान धरण तरी झालं. आपल्या खाचरावर कुणाचा तरी स्विमिंग पूल होईल. शिवाय बाहेर दिवस हे असे. सहा महिन्यांत परतायची वेळ आली तर घरचा इंद्रायणी तांदूळ तरी हवा की नको?

पैशाचं अडेल असं नाही. तुझ्या मामीच्या पाटल्या तारण ठेवू, माझी एक ठेव मोडू. जे लागेल ते व्हिसा हातात पडल्यावर, आधी नाही. पाटल्यांचं मामीला मी अजून विचारलेलं नाही, तिचा फोन आला तर तू काही बोलू नकोस.

रविवारी घरी जाशील तेव्हा नसरापूर फाट्यावर उतर, मी दहाला तिथे येतो. एजंटाच्या कराराची झेरॉक्स आण. आणि तोवर दाजींना इसार घेऊ देऊ नकोस, कितीही गोड बोलून कुणी दिला तरी.

तुझा,
मामा