जागचा घनमीटर, सैल घनमीटर

वणीभोवतालच्या उकणी, जुनाड, मुंगोली या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खुल्या खाणींत कोळशाआधी त्यावरची माती आणि दगड, म्हणजे ओव्हरबर्डन, काढावा लागतो. टनभर कोळशामागे किती घनमीटर ओव्हरबर्डन, या प्रमाणाला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. रेशो म्हटला की तो निव्वळ आकडा वाटतो आणि नियोजनाच्या प्रोग्रॅममध्ये नुसता ‘5’ भरला जातो. पण ते 5 घनमीटर प्रति टन आहेत. कोळशाची घनता दीड टन प्रति घनमीटर धरून आकारमानाशी आकारमान ताडलं, तर तेच प्रमाण साडेसात होतं. एकक आकड्याला चिकटून राहिलंच पाहिजे. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे: मोजलेला माल कोणत्या अवस्थेत होता, हेही आकड्यासोबत गेलं पाहिजे.

ब्लास्टिंगनंतर दगड फुगतो. किती, ते दगडागणिक बदलतं; समजा 40 टक्के. 10 लाख टन कोळशासाठी जागचं 50 लाख घनमीटर ओव्हरबर्डन उचलायचं, तर डंपरमध्ये ते 70 लाख घनमीटर होऊन पडतं. हौदा 30 घनमीटरचा असेल तर सुमारे 2,33,000 फेऱ्या होतात. जागच्याच आकड्याला 30 ने भागलं तर 1,67,000. डिझेल, टायर, ड्रायव्हरच्या पाळ्या, सगळा हिशेब त्यावर उभा राहतो, आणि एककं तपासणारा प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही, कारण दोन्हीकडे घनमीटरच असतो. म्हणून जागचा आणि सैल घनमीटर हे प्रोग्रॅममध्ये दोन वेगळे प्रकार हवेत. फुगवटा सांगितल्याशिवाय एकाचा दुसरा होताच कामा नये.

यावर जाणकार म्हणतात, सुरुवातीलाच सगळं एसआयमध्ये आणा. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर पाउंड आणि न्यूटनच्या घोळात गेलं, ते या शिस्तीने वाचलं असतं, हे खरंच. पण कोळशाच्या उष्मांकाचं काय? 7 टक्के ओलाव्याला किलोमागे 4,700 किलोकॅलरी देणारा कोळसा 10 टक्के ओलाव्याला सुमारे 4,550 देतो. आपल्याकडची प्रतवारी 300 किलोकॅलरींच्या टप्प्यांची; पहिला आकडा जी-9 मध्ये बसतो, दुसरा जी-10 मध्ये. दोन्ही मेगाज्यूलमध्ये नेले तरी ओलावा अध्याहृतच राहतो.

एककांच्या अशा तपासणीने खाणीचं सिम्युलेशन मंदावतं, ही तक्रारही सरसकट खरी नाही. एफ शार्पसारख्या भाषेत एककं कंपाइल होतानाच तपासली जातात आणि प्रोग्रॅम चालताना त्यांचा भार उरत नाही. खरी अडचण एक्सेलमधून येणाऱ्या बिनएकक रकान्यांची आहे. तिथे कंपायलरचं काही चालत नाही; फाइल आत घेतानाच एकक आणि अवस्था विचारावी, आणि उत्तर नसेल तर ती परत करावी.